आईचं मत

विधानसभेची जागा मुदतीआधी रिकामी व्हायची तर आमदाराला एकतर मरावं लागतं, नाहीतर पलटी मारावी लागते. आमच्या साहेबांची तब्येत ठणठणीत होती. त्यांनी राजीनामा दिला, समोरच्या पक्षात गेले आणि त्याच जागेसाठी, त्याच मतदारांपुढे, नवं चिन्ह घेऊन पुन्हा उभे राहिले. सरकारी भाषेत याला पोटनिवडणूक म्हणतात. आमच्या गल्लीत याला काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

गल्लीला फुकटची करमणूक झाली. आमच्या घरात मात्र सुतक आल्यासारखं झालं, कारण माझे वडील, अण्णा, साहेबांच्या अगदी पहिल्या निवडणुकीपासून त्यांचे मतदान एजंट होते. मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराचा एकेक माणूस खोलीत बसतो. अधिकारी मतदाराचं नाव मोठ्याने वाचतो आणि एजंटाने चेहरा बघायचा, की माणूस तोच आहे ना. नसेल तर हरकत घ्यायची. एवढंच काम. पण अण्णांनी ते असं केलं की बस डेपोत आयुष्यभर इंजिनं दुरुस्त करूनही त्यांना मेकॅनिक कुणी म्हटलं नाही. पोस्टमनसुद्धा "एजंट आहेत का घरात?" असं विचारायचा.

समोरच्या पक्षाचे एजंट म्हणजे माझे सासरे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि मी लग्न झाल्यापासून त्या दुकानात गल्ल्यावर बसते. शाळेतली पहिलीची खोली हे आमचं मतदान केंद्र. तिथल्या बुटक्या बाकावर हे दोघं गुडघे छातीशी घेऊन शेजारी शेजारी बसायचे, दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि एकाच बाटलीतलं पाणी प्यायचे. माझं लग्नही त्याच बाकावर ठरलं. दुपारी मतदार येईनासे झाले, दोघांनाही पेंग येऊ लागली, तेव्हा जागं राहायला म्हणून विषय निघाला. मला विचारलं ते मतपेटीला सील लागल्यावर. मी अण्णांशी आठवडाभर बोलले नव्हते. पुढे संसार बरा निघाला म्हणून त्यांना माफ केलं, ती गोष्ट वेगळी.

दोघांनाही एकच धास्ती असायची, की दुसऱ्याची माणसं मेलेल्यांच्या नावावर मत टाकतील. म्हणून प्रत्येक निवडणुकीआधी ते मिळून गल्लीत फिरायचे. कोण गेलं, कोण सोडून गेलं, कुणाचं लग्न होऊन घर बदललं, सगळं विचारून नावं कमी करून घ्यायचे. या दोघांनी मारल्याशिवाय आमच्या गल्लीत माणूस पुरता मरत नाही, असं लोक म्हणायचे.

फक्त एक नाव त्यांनी कमी केलं नाही. आई गेली तेव्हा अण्णांनी शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव कमी करायचा अर्ज स्वतः नेऊन दिला, आईचा तसाच ठेवला. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाले. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाले. माझ्या सासऱ्यांना ते दिसत होतं. एरवी अण्णांची चूक सापडली की त्यांना कोण आनंद! पण एकदा दुकानात मी विषय काढला तर भिंग पुसत म्हणाले, "विहीणबाईंचं नाव मी खोडायला सांगू? असू दे. कुणाचं काय अडलंय?"

कुणाचंच अडलं नव्हतं. साहेबांनी पलटी मारेपर्यंत.

बातमी आली त्या दिवशी सासऱ्यांनी दुकान अर्ध्यातच बंद केलं. एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम तशीच राहिली होती, ती मी धावत जाऊन काढून घेतली. सासरे खुर्चीत बसून छताकडे बघत होते.

"मामंजी, बरं वाटत नाहीये का?"

"आमच्या अध्यक्षांचा फोन आला होता. म्हणे, साहेबांचं स्वागत करा. पोस्टर लावा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्या माणसाची पोस्टरं फाडण्यात माझी जवानी गेली, त्याचीच लावू?"

"मग काय करणार?"

"काय करणार म्हणजे? या माणसाच्या विरुद्ध मी आजवर बसलो, आताही विरुद्धच बसणार. या वयात नवं प्रेम जमणार नाही मला."

आणि खरंच, ज्या पक्षाला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याच पक्षाच्या ऑफिसात जाऊन, "तुमचा एजंट मी," असं ते सांगून आले. त्या पक्षाकडे माणूसच उरला नव्हता. त्यांनी सासऱ्यांना मिठी मारली म्हणे.

अण्णांचं इतकं सोपं नव्हतं. माझा धाकटा भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपावर कंत्राटी कामगार आहे. ते काम साहेबांनी लावून दिलेलं. दर सहा महिन्यांनी त्याचं कंत्राट संपायचं आणि दर वेळी घरातल्यांची झोप उडायची. आता कायम करायच्या नावांची शिफारस साहेबांच्या हातात होती, आणि भावजयीला सातवा महिना लागला होता. घराचं छप्पर म्हणजे ती एक नोकरी, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना तर सगळ्यात जास्त.

साहेब स्वतः आले नाहीत. त्यांचा एक माणूस आहे, त्याला सगळे मॅनेजर म्हणतात. कशाचा मॅनेजर ते कुणालाच ठाऊक नाही. तो आला त्या दिवशी मी माहेरी स्वयंपाकघरात भावजयीला भाजी चिरून देत होते. तो पायातले बूट न काढता आत आला आणि आईच्या खुर्चीत बसला. तिथेच माझं डोकं फिरलं.

"अण्णा, साहेबांनी आठवण काढलीय," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय त्यांना करमत नाही."

"त्यांना पक्षाशिवाय करमलं," अण्णा म्हणाले, "माझ्याशिवायही करमेल."

मॅनेजर हसला. मग भावजयीकडे वळून म्हणाला, "वहिनी, काळजी घ्या हं. डॉक्टर, औषधं, खर्च वाढतो. यादी वर गेली की यांचं कामच होऊन जाईल." यादी वर गेली नाही तर काय, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तो गेल्यावर मी विळी आपटली. "बूट घालून आत येतो! आणि तुम्ही सगळे मूग गिळून बसलात!"

"तायडे, तुला काय जातंय बोलायला?" धाकटा उसळला. "तुझं दुकान आहे. मी उद्या पंपावर गेलो आणि गेटवर अडवलं तर? हिला कुठे नेऊ?"

भावजय भांड्याला भांडं लागू न देता काम करत होती, तेच मला जास्त लागलं. अण्णा उठून खिडकीपाशी गेले आणि तिथूनच म्हणाले, "बसतो मी साहेबांसाठी. पण त्या मॅनेजरला एक सांगून ठेव. माझ्या खोलीत आजवर एकही खोटं मत पडलेलं नाही. या वेळीही पडणार नाही. माझ्या बाजूचं असलं तरी मी उठून हरकत घेईन."

"सांगतो," धाकटा म्हणाला. तो खरंच सांगणार होता की नाही, कोण जाणे. अण्णांनी मान हलवली आणि पायजम्याची नाडी घट्ट करत बाहेर गेले. मला त्यांची कीव आली. बापाची कीव येणं फार वाईट असतं.

मतदानाच्या दिवशी मी दुपारी गेले. सकाळी दुकान उघडं ठेवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत जायची इच्छाच होत नव्हती. आमचे हे सकाळीच जाऊन आले होते. "दोघं बसलेत," म्हणाले, "पण मध्ये एका माणसाची जागा सोडून."

पोटनिवडणुकीला कुणाला हौस असते? बायकांच्या रांगेत माझ्यापुढे मोजक्याच होत्या. अगदी पुढची बाई डोक्यावरून शाल घेऊन वाकून चालत होती. तिला दारापर्यंत मॅनेजरच्या ऑफिसातली एक मुलगी हाताला धरून घेऊन आली आणि पोलिसाने अडवल्यावर मागे फिरली. मी म्हटलं, असेल कुणी आजारी. माझं लक्ष बाकाकडे होतं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासऱ्यांची पाण्याची बाटली त्यांच्या पायाशी होती आणि अण्णांची अण्णांच्या.

टेबलामागच्या अधिकाऱ्याने कार्ड घेतलं, यादीत बोट फिरवलं आणि नाव वाचलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

ते आईचं नाव होतं.

सारख्या नावाची दुसरी कुणी असेल, असं मला आधी वाटलं. मग त्याने तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं. अण्णांची पेन्सिल कागदावर थांबली.

सासरे ताडकन उभे राहिले. बुटक्या बाकावरून उठताना त्यांचा गुडघा आपटला, तरी थांबले नाहीत. "हरकत! माझी हरकत आहे. या त्या बाई नाहीत. त्या माझ्या विहीणबाई. त्या वारल्यात."

केंद्राध्यक्ष उठून पुढे आले. बाहेरगावचे कुणी शिक्षक असावेत. घामेजलेले, दमलेले, पण बोलायला मऊ. "वारल्याचा काही पुरावा?"

"पुरावा?" सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी उजळला. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. साहेबांची चोरी साहेबांच्याच माणसासमोर पकडली. "पुरावा हा काय शेजारी बसलाय! त्यांचे यजमान! विचारा की त्यांनाच."

अध्यक्षांनी अण्णांच्या छातीवरचा पास वाचला, यादी पाहिली. बाईंचा फोटो पुसट होता, पण नवऱ्याचं नाव जुळत होतं. "काका, तुम्हीच सांगा मग," ते म्हणाले. "बाई, जरा शाल बाजूला घ्या."

बाईने शाल मागे घेतली. ती आईच्या वयाची नव्हतीच. पन्नाशीतली असेल फार तर, उन्हातान्हात राबून पिकलेली. पण तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा तपकिरी चष्मा होता, आणि त्याची डावी काडी बारीक तारेने बांधलेली होती.

ती तार माझ्या सासऱ्यांनी बांधली होती. "नवी फ्रेम घ्या," म्हणून ते आईच्या मागे लागले होते आणि आई म्हणाली होती, "माझ्याबरोबरच जाईल ती आता." आईबरोबर गेली नाही. अण्णांनी ती कार्डासकट कपाटाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. किल्ली कुठे असते ते घरातल्या माणसांनाच माहीत होतं.

अण्णांनी तो चष्मा पाहिला. त्यांच्या मानेवरची शीर हलताना मला दारातून दिसली. मीही त्याच क्षणी समजले. असा राग आला की तिथूनच ओरडून धाकट्याचं नाव घ्यावं.

"नीट बघून सांगा, काका," अध्यक्ष म्हणाले. "मत खोटं असेल तर मला पोलीस बोलवावे लागतील. बाईंना ताब्यात घेतील, आणि कार्ड यांच्याकडे कुणी दिलं तेही निघेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. म्हणून विचारतोय."

दारातला पोलीस आत वळून बघू लागला. सासरे अण्णांकडे बघत होते, अजून त्याच विजयाच्या तोऱ्यात. मग त्यांची नजर चष्म्यावर गेली, तारेवर गेली, आणि तो तोरा हळूहळू उतरला.

"आहे," अण्णा म्हणाले.

"म्हणजे? कोण आहे?"

"माझी बायको आहे."

मी जन्मापासून अण्णांचा आवाज ऐकत आलेय. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एखाद्या अनोळखी माणसाने त्यांच्या तोंडून बोलावं तसा तो वाटला.

अध्यक्ष सासऱ्यांकडे वळले. "मग तुमचं काय म्हणणं?"

सासरे अजून उभेच होते. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "चूक झाली साहेब," ते म्हणाले. "माझा नंबर वाढलाय. दिसत नाही हल्ली."

"चष्मेवाल्यालाच दिसत नाही!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या. सासरेही हसले. ते हसणं मला बघवलं नाही. ते खाली बसले आणि दोघांमधली रिकामी जागा तशीच राहिली.

बाईच्या बोटाला शाई लागली. जाड भिंगांतून तिला काही दिसत नव्हतं. टेबलाची कड चाचपत ती यंत्राकडे गेली, आणि लांब शिट्टी वाजली. आईने मत दिलं होतं.

माझी पाळी आली. माझं नाव वाचलं गेलं. अण्णांनी मान वर केली नाही.

"यांना तरी ओळखता ना?" अध्यक्षांनी सासऱ्यांना थट्टेने विचारलं.

"सून आहे माझी."

"म्हणजे या काकांची मुलगी! व्याही ना तुम्ही?" अध्यक्षांना कोडं सुटल्यासारखा आनंद झाला. भला माणूस. मगाचा ताण जाऊन त्यांना बरं वाटत होतं. "ताई, मग मत टाकलं की लगेच जा आणि आईंचा हात धरा. बाहेर पायरी आहे, त्यांना नीट दिसत नाहीये."

तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर काय काय आलेलं असतं, ते त्या माणसाला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. ते मला गप्प राहा म्हणत नव्हते. काहीच म्हणत नव्हते. नुसतं बघत होते, डॉक्टर काय सांगतात याची वाट बघावी तसं.

"धरते," मी म्हटलं.

बटण दाबलं. कुणाचं दाबलं ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. बाहेर ती बाई खरोखरच पायरीच्या टोकाला थबकली होती, एक पाय हवेत धरून. मी तिचा हात धरला. भांडी घासून खरखरीत झालेला हात होता. आईचा हात मऊ होता. सारखं क्रीम लावायची ती.

भिंतीच्या आडोशाला गेल्यावर तिने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "घेरी आली बाई यानं. ताई, तुम्ही मॅनेजरकडच्या का? हा कुणाला परत द्यायचा?"

"मला द्या."

तिने चष्मा आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आत कुणी काही विचारणार नाही म्हणाले होते. आमच्या वस्तीला नळ देणार आहेत, म्हणून आले. नाहीतर असल्या भानगडीत कोण पडतंय?" मग तिने माझा हात दाबला. "ते काका कोण होते हो? देवमाणूस. मला वाटलं, आता धरतात. त्यांनी पदराखाली घेतल्यागत वाचवलं मला. त्यांचं भलं होवो."

मी मान हलवली. तिच्यावर राग काढावा असं काही तिच्याजवळ नव्हतंच.

अण्णा संध्याकाळी यंत्रांना सील लागल्यावर घरी आले. मी त्यांच्या आधीच जाऊन बसले होते. चष्मा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. धाकट्याने तो पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी बोलले. जेवढं येतं तेवढं सगळं बोलले. भावजय दाराला टेकून उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

अण्णा आले, हात धुतले, बसले.

"मॅनेजरने मागितलं," धाकटा म्हणाला. त्याला रडू फुटलं. "म्हणाला, घरातली सगळी मतं दिसली पाहिजेत, तरच यादीत नाव. आईचं नाव आहे ना अजून, म्हणाला. मी म्हटलं अण्णा बसलेत आत. तर म्हणाला, म्हणून तर. एजंटच्या घरच्या मतावर हरकत कोण घेणार? मला वाटलं तुम्ही बघून न बघितल्यासारखं कराल. नुसतं गप्प बसाल. तायडीचे सासरे उठतील असं मला..."

"त्यांनी उठायलाच हवं होतं," अण्णा म्हणाले. "त्यांनी त्यांचं काम केलं. मी माझं नाही केलं."

"अण्णा, मी तुमच्या पाया पडतो."

"पाया पडू नकोस. जेवून घे. तिला ताटकळत ठेवू नकोस, तिला बसव." त्यांनी चष्मा उचलून काडी मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी आई गेली असं मी सरकारात कुणाला सांगितलं नव्हतं. जीभच वळायची नाही. आणि आज आहे म्हणून सांगितलं, तर किती सहज सांगितलं बघ." एवढं बोलून ते रडले. माझ्यासमोर अण्णा पहिल्यांदा रडले. मी त्यांना पाणी दिलं.

सासरे त्या संध्याकाळी दुकानाकडे फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गल्ल्यावर बसले तेव्हा म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, मी कुठे बोलणार नाही."

"ते त्यांना माहीत आहे, मामंजी."

"माहीत असूनही सांग." मग जरा वेळाने, भिंग घासता घासता, "मीच बोट दाखवलं त्याच्याकडे. हौसेनं दाखवलं ग."

साहेब निवडून आले. इतक्या मतांनी आले की आमची सगळी गल्ली घरी झोपली असती तरी आले असते. आईच्या मताची कुणाला गरजच नव्हती. गुलालाच्या गाडीवरून साहेबांनी अण्णांच्या घराकडे बघून हात हलवला आणि मला त्या हाताचा चावा घ्यावासा वाटला. यादी मात्र खरंच वर गेली. धाकटा कायम झाला. त्याला मुलगी झाली. घरात नवा पाळणा आला, आणि भावजय पुन्हा भांडी आपटून काम करू लागली, ते ऐकून मला बरं वाटलं. काही खोटं बोलत नाही. ज्या गोष्टीसाठी हे सगळं झालं ती गोष्ट झाली, आणि ती चांगलीच होती.

दोघं म्हातारे भेटतात. बोलतातही. राजकारणावर बोलत नाहीत, आणि त्यांना दुसरं काही बोलता येत नाही, म्हणून फार वेळ बसत नाहीत.

त्यानंतर गल्लीत दोन म्हातारी माणसं वारली. त्यांची नावं कमी करायला कुणी गेलं नाही. लोकांनी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आता ते काम माझ्याकडे नाही."

मागच्या आठवड्यात मी बाळाला बघायला गेले होते. अण्णा ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते, धाकटा पंपावर जायला निघाला होता. तेवढ्यात शाळेतल्या एक नव्या बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचं पॅड. मतदारयाद्यांची पडताळणी चालू होती. या गल्लीतलं त्यांना कुणी ओळखीचं नव्हतं. त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. अण्णांचं वाचलं, खूण केली. धाकट्याचं, भावजयीचं. मग आईचं.

"या आहेत ना?"

धाकट्याचा हात सायकलच्या कुलपावर थांबला. मी अण्णांकडे बघितलं. वारली म्हणावं तर बाई तारीख विचारणार, दाखला मागणार. खरी तारीख सांगावी तर मग पोटनिवडणुकीत केंद्राध्यक्षांसमोर हजर झालेली बाई कोण होती? आणि खोटी सांगायची तर आईला कुठल्या दिवशी मारायचं, हे आम्हाला बसून ठरवावं लागणार होतं.

बाळाने अण्णांचं बोट पकडलं होतं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

"आहे," ते म्हणाले.

"बोलवता का जरा? यांचा फोटो फार जुना आहे, पुसट झालाय. नवीन काढून घेते, एका मिनिटाचं काम आहे."

"घरात नाहीये आत्ता."

"बरं, मग मी रविवारी येते," बाई खूण करत म्हणाल्या. "तेव्हा त्यांना थांबवून ठेवा हं, आजोबा."

"बरं," अण्णा म्हणाले.